अडतीस सेंटिमीटर

सोमवार, ४ मार्च
लेक शनिवारी परदेशातून येतेय, सहा वर्षांनी. एअरपोर्टवर आणायला मीच जाणार, एकटा. ती गेली तेव्हा मी फुगून घरी बसलो, सोडायला गेलो नाही. या वेळी बाहेर आल्या आल्या तिला पहिलं तोंड बापाचं दिसलं पाहिजे. बायको 'बरं' म्हणाली. ती 'बरं' म्हणाली की मला काळजी वाटते.

मंगळवार, ५ मार्च
लेकीने तिकीट पाठवलं. प्रवास पंधरा तास, म्हणे. शक्यच नाही. बैठकीतल्या जगाच्या नकाशावर (रिटायर झालो तेव्हा शाळेने दिलेला, भिंतभर) तिच्या शहरापासून इथपर्यंत दोरा ताणला. अडतीस सेंटिमीटर, म्हणजे एकोणीस हजार किलोमीटर. ताशी साडेआठशेने सव्वाबावीस तास. विमान शनिवारी रात्री सव्वाआठला उतरणार. तिकिटावर दुपारचा एक छापलाय. गिऱ्हाईक ओढायला कंपन्या काहीही छापतात.

बुधवार, ६ मार्च
मेहुणा टपकला. म्हणाला, भाऊजी, नकाशा सपाट, पृथ्वी गोल. विमान उत्तरेकडून वळून येतं, तेच जवळ पडतं. भूगोलाच्या मास्तराला हा पृथ्वी गोल असल्याचं सांगतो. स्वतः नळाच्या तोट्या विकतो. चहा न देता वाटेला लावला. (बायकोने दिला.)

गुरुवार, ७ मार्च
लेकीचा फोन. किती वाजता निघणार, विचारत होती. म्हटलं, निश्चिंत ये, मी सगळं मोजलंय. म्हणाली, आईला द्या फोन. भारावली असणार. मग आईशी बराच वेळ बोलली. बायकोने दार लावून घेतलं होतं.

शुक्रवार, ८ मार्च
मेहुण्याचा फोन नाही. अक्कल आलेली दिसते. बायकोही वेळेवरून वाद घालत नाही. घरात शेवटी माझाच शब्द राहिला.

शनिवार, ९ मार्च. दुपारी १
बायकोने चार माणसांचा स्वयंपाक केलाय. वय झालं, अंदाज चुकतो. मी पाचला निघणार.

दुपारी ३
शर्टाला इस्त्री करत होतो. बेल वाजली. बनियनवरच दार उघडलं. लेक. मागे तिची बॅग घेऊन मेहुणा.

संध्याकाळी ६
दगा. तोही घरच्यांनी. गुरुवारीच तिघांचं ठरलं होतं. खालच्या वॉचमनलाही माहीत होतं. लेकीला विचारलं, मला का नाही सांगितलंस. म्हणाली, बाबा, तिकीट पाठवलं होतं ना.

बुधवार, १३ मार्च
जुन्या शाळेत जाऊन पृथ्वीगोलावर दोरा लावला. बारा हजार आठशे. पंधरा तास. याच गोलावर एकतीस वर्षं शिकवलं. घरी बोललो नाही. दगा तो दगाच.

रविवार, १७ मार्च. दुपारी १
लेक परत निघाली. दारात बूट घालून म्हणाली, बाबा, चला ना. म्हटलं, मामा आहे की तुझा. पाच मिनिटं थांबली. मग बायको आणि मेहुण्याबरोबर गाडीतून गेली. विमान चारचं. एअरपोर्ट साडेअकरा किलोमीटर, टॅक्सीने पंचवीस मिनिटं. इस्त्रीचा शर्ट अंगात आहेच. त्यांनी फोन करून बोलावलं तर लगेच निघणार.

दुपारी २
फोन नाही. मानाचा प्रश्न आहे. अजून वेळ आहे.

दुपारी ३
बायकोचा फोन. लेक आत गेली. मागे वळून वळून बघत होती, म्हणे.

दुपारी ४.२०
गच्चीत उभा होतो. विमान वर चढलं आणि उत्तरेकडे वळलं. मेहुणा म्हणाला होता तसंच.