गोळ्यांचं सांगितलं नाहीस

नाहूर, ७ जानेवारी २०२४

ती. जानकीताईस सिद्धेशचा शि. सा. न. वि. वि.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझा व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. महाराजांच्या सत्संगात माईक धरून सांगतेयस, की भावोजींच्या मणक्याचा टीबी नुसत्या अंगाऱ्याने बरा झाला. मला किळस आली, ताई. दीड वर्ष त्यांना हॉस्पिटलात मी नेलं. ते गोळ्या ओकायचे, तू परत द्यायचीस. त्यातलं एक अक्षर नाही? मानसी म्हणाली, मोठ्या नणंदेला असं लिहू नये. तरी लिहिलं.

आमच्या खाली राहणाऱ्या विशालने तो व्हिडिओ बघून टीबीच्या गोळ्या सोडल्यात. त्याची बायको सपना म्हणते, खुद्द तुमची ताईच सांगतेय तर शंका कसली. ये आणि त्याला खरं सांग.

रागव, पण माया आटू देऊ नकोस.
सिद्धेश

दहिसर, १२ जानेवारी

चि. सिद्धेशला ताईचे अ. आ.

लहानपणापासून फटकळ तू. मी खोटं नाही रे बोलले. डॉक्टरांना बुद्धी कोणी दिली? सत्संग मंडळाच्या मॅडमनी समजावलं होतं, औषधाचा विषय काढला की लोकांची श्रद्धा ढळते, तेवढं गाळा. गाळलं. हे कळवळायचे तेव्हा महाराजांच्या फोटोसमोर बसूनच मी टिकले, ते खरं नाही का?

पण गोळ्या सोडा असं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. रविवारी येते. मानसीला कुळथाची पिठी करायला सांग, तुझ्याशी भांडायला बळ हवं.

आशीर्वाद आहेतच, तोंड तेवढं सांभाळ.
ताई

दहिसर, ९ जून

चि. सिद्धेशला अ. आ.

जानेवारीत त्या रविवारी विशालकडे काय झालं ते मी तुला धड सांगितलंच नाही. मी सगळं कबूल केलं, हॉस्पिटल, गोळ्या, सगळं. तो हसला. म्हणाला, महाराजांनी बजावलंच होतं, बरं होत आलं की जवळचंच कोणीतरी शंका घेऊन येईल. सपनाने कुंकू लावून मला वाटेला लावलं. पुढे तो रक्त ओकून गेला, तूच खांदा दिलास.

काल मी सत्संगाच्या हॉलवर गेले, माईकवरून खरं सांगायला. महाराज आधीच बोलत होते. एक भक्त बरा होत आला होता, एका बाईने त्याच्या मनात विष कालवलं, त्यातच तो गेला. लोक हळहळले. पुढच्या रांगेत सपना मान हलवत होती. आणि मग त्यांच्या मागच्या पडद्यावर माझाच व्हिडिओ लावला, सिद्धेश.

मी उठून ओरडले की ती बाई मीच, आणि पडद्यावरची खोटारडीही मीच. त्यांनी आरती सुरू केली. टाळ्यांत कुणाला काही ऐकू गेलं नाही. बाहेर येऊन गटाराशी ओकले.

सपना मागोमाग आली. तिने पाठीवरून हात फिरवला, चूळ भरायला पाणी दिलं. म्हणाली, ताई, रडू नका, महाराजांनी तुम्हाला माफ केलंय.

तुझा लोभ राहू दे. दुसऱ्या कुणाचा आता सोसवत नाही.
ताई