ड्रम ऐकू येतात तोवर

रहिमतपूर,
५ नोव्हेंबर २०२३

चि. साक्षीस,
लालामामाचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठीक. ताईचे गुडघे कसे आहेत ते कळव.

तुझं पत्र आणि पेनड्राइव्ह मिळाला. फोनवरचं बोलणं मला कळत नाही म्हणून नोकरी सांभाळून तुला पत्रं लिहावी लागतात, याचं वाईट वाटतं. पण उभी हयात तोफांशेजारी काढलेल्या कानांकडून आणखी काय मागणार?

नव्या पोरांचा बँड ऐकला. जोर आहे, पण सगळ्यांना घाई फार. आपल्या इंग्रजी गाणाऱ्या, गिटारवाल्या लॅम्बर्टबुवांसारखं थांबून वाजवणं एकालाही जमत नाही. शिलाँगला पोस्टिंग असताना बुवांना पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मला इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं, तरी थंडीत शेवटपर्यंत मैदानात उभा राहिलो. सुट्टीत कॅसेट घरी आणली, तर हा माणूस कशापायी केकाटतोय, कुठं दुखतंय का त्याला, असं बापूंनी, तुझ्या आजोबांनी, विचारलं होतं.

मिरजेचे डॉक्टर कानात यंत्र बसवायचं ऑपरेशन सांगतात. डावा कान केव्हाच गेला, तिथं उपयोग नाही. उजव्यात बसवलं तर माणसांचं बोलणं कळेल, पण त्यात उरलेलं थोडंफार ऐकणं जाईल. गाणं तर पत्र्यावर खडे पडल्यासारखं ऐकू येईल म्हणे. आज शब्द कळत नसले तरी ड्रम आणि बेस गिटार पोटापर्यंत पोचतात. बाकीचं मी मनातून भरून घेतो. तेवढंही देऊन टाकायचं? मी नाही म्हणून आलो. माणसांचं ऐकून ऐकून तसाही कंटाळलोय.

गाणी पाठवत जा. माया आहे तशी ठेव.

तुझा,
लालामामा

*

रहिमतपूर,
१८ नोव्हेंबर

चि. साक्षीला मामीचा आशीर्वाद.

दिवाळीला येऊन गेलीस, बरं वाटलं. ह्ये पत्र मामांना ठावं न्हाई. बाजारला गेले की पोस्टात टाकीन.

आप्रेशनाचं त्यास्नी काय लिवू नगंस. त्यांचा जीव त्या गाण्यात हाय. सकाळी कानाला ती गाण्याची टोपणं लावत्यात आन डोळं मिटून बसत्यात. लगीन झालं तवा फौजेत हुतं, वर्सातनं एकदा-दोनदा यायचं. मला वाटायचं, रिटायर झाल्यावर निवांत बोलू. रिटायर झालं आन हळूहळू कान गेलं. आदी मी वरडून बोलायची. पर वरडून बोललं की समदंच भांडाण वाटतंय. भाजीत मीठ पुरं हाय का, ह्ये बी आळीला ऐकू जायाचं. आता कामापुरतं हातानं दावते. परवा शेजारची हरणाबाई आली, तिच्याशी बोलाय गेले तर आवाजच निघंना, घसा बसल्यावानी. तेवढं सोडलं तर बरं चाललंय.

मी लिवलंय म्हणून सांगू नगंस. तुझ्या आईची खुशाली इचारलीय, तेवढं तिला सांग.

मामी

*

सांगली,
१२ डिसेंबर

ती. लालामामांस,
साक्षीचा सा. न. वि. वि.

बुवांना ऐकून आले. रविवारी पुण्यात कार्यक्रम होता. आदल्या दिवशी लॅबमध्ये संध्याकाळपर्यंत रक्ताच्या नळ्या आणि रिपोर्ट मागणारी माणसं, पहाटे एसटी. तिथं पोचेपर्यंत माझ्यात त्राण नव्हतं. तुम्हाला येऊन उपयोग नव्हता, म्हणून तुमच्या वतीनं गेले.

बुवा सत्तरी ओलांडून गेलेत. खुर्चीवर बसून वाजवत होते. दोन गाण्यांमध्ये उजव्या हाताची बोटं चोळत होते. आपलं दोघांचं आवडतं, त्या पुलाचं गाणं आलं तेव्हा त्यांनी बँडला थांबवलं आणि लोकांना सांगितलं, की वरचा मजला आता बंद केलाय, मी तळमजल्यावर राहतो. मग ते गाणं त्यांनी इतकं खालच्या सुरात घेतलं, की ओळखायलाही वेळ लागला. मला आधी रागच आला. मग लक्षात आलं, की एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्यातला शब्दन् शब्द कळतोय.

मामा, आता एक विचारते. दिवाळीत मी दोन दिवस तुमच्याकडे होते. घरात मामी जवळजवळ बोललीच नाही. तुमच्याशी नाही, माझ्याशीही फारसं नाही. तिची सवयच गेली आहे. हे तुम्हाला दिसतं का? मी दमले आहे, त्यामुळे गोड करून लिहिता येत नाही. चुकलं असेल तर पदरात घ्यावं.

आईचे गुडघे तसेच. तिनं मामीची चौकशी केली आहे.

आपली,
साक्षी

*

रहिमतपूर,
२३ डिसेंबर

चि. साक्षीस आशीर्वाद.

टोमणा पोचला. बुवांच्या आडून मारलास, हुशार आहेस. राग आला म्हणून उत्तर लांबवलं.

मग काल दुपारी टोपणं काढून ठेवली आणि तुझ्या मामीला, मनूला म्हणालो, काहीतरी बोल. तिनं हातानंच विचारलं, काय पाहिजे? मी पुन्हा म्हणालो, काही नको, नुसती बोल. तिनं पाण्याचा तांब्या आणून दिला.

मिरजेला होकार कळवला आहे. आणखी काही लिहावंसं वाटत नाही. तुझ्यावर राग नाही.

लालामामा

*

रहिमतपूर,
४ मार्च २०२४

चि. साक्षीस,
मामाचे पोटभर आशीर्वाद.

ऑपरेशन झालं, जखम भरली आणि परवा यंत्र चालू केलं. आधी वाईट बातमी. घरी येऊन पुलाचं गाणं लावलं. ते गेलं. डॉक्टर म्हणाले तसंच, पत्र्यावर खडे. ड्रम कुठला आणि गिटार कुठली, काही कळेना. सरावानं थोडं सुधारेल म्हणतात, पण मी आशा धरलेली नाही. मोरीत जाऊन रडलो, हे तुलाच सांगतो. तू मात्र गाणी पाठवत जा. आता टोपणं मनू लावते आणि मला सांगते. म्हातारा लय दमलाय पर थांबत न्हाई, असा तिचा अभिप्राय आहे.

सगळी माणसं सध्या एकाच आवाजात बोलतात. डॉक्टर, चहावाला, तुझी मामी, सगळे डब्यात तोंड घालून बोलल्यासारखे. तिचा आवाज कसा होता ते मला आठवतं, पण यंत्रातून तो येत नाही. शब्द मात्र कळतात.

यंत्र चालू केलं त्या दिवशी मिरजेहून पॅसेंजरनं निघालो. सांगली गेली, किर्लोस्करवाडी गेली, मनू गप्पच. कराडला तिनं विचारलं, भूक लागली का. मी म्हणालो, नाही. उत्तर आलं म्हणून ती माझ्याकडे बघतच राहिली, मग बोलायला लागली. कारगिलच्या वेळी मी गेल्याची खोटी बातमी गावात उठली होती. बायका येऊन बसल्या, बांगड्यांपर्यंत गोष्ट गेली, पण हिनं हात पुढं केला नाही, बातमी खोटी आहे म्हणून अडून बसली. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तसं म्हणालो, तर तिनं सांगितलं, की रिटायर होऊन आल्यावर हे सगळं तिनं मला सांगितलं होतं. तेव्हा म्हणे मी मान हलवली होती आणि चहा मागितला होता.

रहिमतपूर आलं तेव्हा ती अजून बोलत होती. उतरायचंय असं मी म्हणालो नाही. कोरेगावपर्यंत गेलो आणि रिक्षानं परत आलो.

ताईला नमस्कार. सवड काढून ये, आणि आलीस की मोठ्यानं बोलू नकोस.

तुझा,
लालामामा