पाडव्याचा लिंब कडू लागला नाही

५ एप्रिल २०२१, सकाळी ६
संकल्प: आपल्या गल्लीत एकही पेशंट होऊ द्यायचा नाय. बत्तीस वर्षं ग्रामसेवक होतो, साथी लई पाहिल्या. उद्यापासून रोज सातला दारात काढा. फुकट. गुळवेल कडुलिंबावर चढलेलीच पाहिजे, ती शेळ्यांमागं हिंडणारा कडूबा आणणार. आलं, ओवा, दालचिनी अजिनाथच्या किराणातून. सत्यभामा म्हणाली, अहो, माणसं गोळा करू नका. बायकोला समाजकार्य कळत नाय.

७ एप्रिल
अठरा माणसं! काढा उकळता असतो, म्हातारी माणसं पोळतील, म्हणून प्रत्येक ग्लासावर मी स्वतः फुंकर घालून देतो. मास्कमधून फुंकर जात नाय. मास्क गळ्यात. कडूबा दोन ग्लास पितो. म्हणाला, भाऊसाहेब, तुमच्यामुळं जित्ते आहोत. डोळे भरून आले.

१० एप्रिल
अंग कसकसतंय. ऊन लागलं असणार. काढ्याला वासच नाय! दालचिनी नाकाशी धरली, निव्वळ लाकूड. अजिनाथला दुकानात चारचौघांत झापलं, महामारीत भेसळ करतोस व्हय? त्यानं लेकराची शपथ घेतली. चोराच्या उलट्या बोंबा. माल दुप्पट टाकला. फुंकराही जास्त लागल्या.

११ एप्रिल
पुण्याहून सायलीचा फोन. बाबा, वास येतो का? म्हटलं, मालालाच वास नाय तर मला कुठून येईल? पोरगी रडायलाच लागली. टेस्ट करा म्हणे. पाडवा होऊ दे, मग बघू.

१३ एप्रिल, पाडवा
गुढी उभारली. लिंबाचा पाला गुळासोबत चावला आणि चमत्कार! जराही कडू लागला नाय. वर्ष गोड जाणार. गल्लीत सगळ्यांना सांगितलं. सत्यभामाला मात्र कडूजार लागला. तिला श्रद्धा कमी. सकाळपासून खोकतेय. तिला आधीच शुगर, म्हणून गुळाशिवाय काढा दिला. तीन वेळा.

१५ एप्रिल
सातला दारात फक्त चार जण. माणसं कृतघ्न. कडूबा आला नाय. त्याची बायको म्हाळसाबाई म्हणाली, ताप आहे. दोन ग्लास तिच्याकडं पाठवले, फुंकर घालून.

१७ एप्रिल
सत्यभामाला दम लागतोय. ऑक्सिजनचं मशीन आणून बोटाला लावलं. शहाऐंशी. मी म्हटलं, शंभरात शहाऐंशी म्हणजे डिस्टिंक्शन. ती हसायला गेली अन् तिला हसताच येईना.
मशीन चायनाचं असणार. चार वेळा लावलं. शहाऐंशी, पंच्याऐंशी, पंच्याऐंशी, त्र्याऐंशी.
सायलीनं तिकडूनच ॲम्ब्युलन्स बोलावली.

१८ एप्रिल
दोघंही पॉझिटिव्ह. सत्यभामाला दवाखान्यात ऑक्सिजन लावला, मला घरीच कोंडलं. डॉक्टरनं विचारलं, आधी कुणाला झालं? म्हटलं, अजिनाथच्या दुकानातून आलं असेल. गल्लीत आणखी नऊ जण निघालेत. कडूबा हिच्याच दवाखान्यात आहे, खालच्या मजल्यावर.

२६ एप्रिल
कडूबा गेला.
म्हाळसाबाई ओट्यावर माझे दोन ग्लास ठेवून गेली. घासून. खिडकीतून हाक मारली, तिनं मागं वळून पाहिलं नाय.

२९ एप्रिल
सकाळी डबा उघडला आणि दालचिनीचा वास आला. घर भरून. माल चोख होता. अजिनाथ खरं बोलत होता. गुढीचा पाला वाळून गेलाय, त्यातलं एक पान चावलं. कडू.
दुपारी दवाखान्यातून सत्यभामाचा फोन. अकरा दिवसांनी आवाज ऐकला. सिस्टरनं मिनिटभरच बोलू दिलं. हिनं धापा टाकत विचारलं, गल्लीत सगळे बरे आहेत ना?
म्हटलं, एकही पेशंट नाय.
अन् कडूबा?
म्हटलं, रोज येतो. दोन ग्लास पितो.