राजूबाईच्या चकत्या

कोळार, बीदर
३ जानेवारी २०२५

चि. सौ. मंजुश्रीस राघोबाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन सोडून पत्र कामून, असं म्हणशील. अगं, पन्नास वर्षं बंदुकीचे बार काढून माझ्या कानात आता ढोल वाजवला तरी शिरत न्हाई. फोनवर तू ओरडतेस, मी ओरडतो, आणि भांडण लागलं म्हणून विजयश्रीचे शेजारी गोळा होतात. लेकीच्या घरी पाय प्लास्टरात घालून पडलोय, बाकी झकास. जावई गोदामातून आला की माझ्यासंगं पत्ते खेळतो आणि मुद्दाम हरतो.

आता कामाचं. लायसन्सच्या हापिसातून कागद आलाय. कारखान्याच्या लायसन्सवर माझ्या जागी तुझं नाव घालायचं तर २८ तारखेला साहेब आपल्या गावी येऊन तुझ्या हातची बंदूक बघणार. इथवर ठीक. पण लायसन्स माझ्या अप्पांच्या काळचं, आणि त्यात लिहिलंय ठासणीची रायफल. म्हणजे नळीच्या आत पिळाचे आटे पाहिजेत, आणि ऐंशी पावलांवर ठेवलेली येळणी, मडक्यावरचं मातीचं झाकण, फुटली पाहिजे. मी जन्मभर साध्या नळीच्या बंदुका केल्या. आटे मलाच जमले न्हाईत, तुला कोण शिकवणार? माझं ऐक, कारखाना बंद करतो म्हणून लिहून देऊ. तुझ्या नवऱ्याचं, रविकुमारचं, सोलरचं काम बरं चाललंय, काय उपाशी मरत न्हाई आपण.

भाता झाकून ठेव, उंदीर लागतील. माया आहेच, ती प्लास्टरात घालता येत न्हाई.

तुझा मामा,
राघोबा

आळंद तालुका
७ जानेवारी २०२५

ती. स्व. मामांस मंजुश्रीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग राग आला, मग माळ्यावर चढले. भाता झाकून ठेव म्हणे! पाच वर्षं तुमच्यासंगं घण मारला तो काय भाता झाकायला? औरादच्या सुताराची लेक मी. इथं आल्यावर आधी दस्ते केले, मग घोडे, मग नळ्या. गेल्या साली अफजलपूरचे चनमल्लप्पा उसातल्या डुकरांसाठी बंदूक न्यायला आले, तेव्हा तुम्हीच सांगितलं होतं की सुनेच्या हातची न्या, माझा हात आता कापतो. विसरलात व्हय?

माळ्यावर काय गावलं सांगू? तुराट्यांच्या खाली अप्पांचा आटे पाडायचा रूळ! माणसाएवढा लांब, अंगभर पिळाच्या खाचा, ओढला की आपोआप फिरत सरकतो. करडीच्या तेलानं पुसला तर असा चमकला की मी एकटीच टाळ्या वाजवल्या. दिवाळीत केलेली माझी नळी पाटाला आवळून बांधली आणि काल पहिला आटा धरला. हे कामावरून आले की रूळ ओढतात. लग्नात असं काही ठरलं नव्हतं म्हणतात, पण ओढतात. केसासारखा बारीक कीस निघतो, तो डबीत जपून ठेवलाय.

तुम्ही काही लिहून देऊ नका. तुम्हाला माझी शपथ. तुमचा लोभ हवाच, पण आधी उत्तर हवं.

आपली,
मंजुश्री

कोळार
११ जानेवारी २०२५

चि. सौ. मंजुश्रीस अनेक आशीर्वाद आणि एक शिवी, ती मनात दिलीय.

तू माळ्यावर कामून चढलीस? आता सांगावं लागतंय. त्या रुळानं मी वीस वर्षांचा असताना एक नळी केली होती. साध्या बंदुका अप्पांनी शिकवल्या होत्या. आटे पाडताना मी नुसता रूळ ओढू लागायचो, बार पुढल्या साली शिकवतो म्हणाले आणि गेले. मी भरली, बार काढला, सगळं गाव बघायला उभं. गोळी येळणी सोडून तिरपी गेली ती भीमण्णाच्या रांजणात. परत काढला, तर चिंचेत. लोक हसून हसून बेजार. त्या दिवशी कळलं, अप्पांचा हात माझ्यात न्हाई. रूळ माळ्यावर टाकला आणि कधी नाव काढलं न्हाई.

तुझं तसं होऊ नये म्हणून बंद कर म्हणलं, दुसरं काय.

पण ऐकणार नसशीलच, तर नळी सुतळीनं टांगून हळूच ठोकून बघ. टोक दातात धर. चीर असली तर नाद दातात मरतो. मी बहिरा झाल्यापासून तसंच बघतो. आणि पहिले दोन बार बाभळीला बांधून, दुरून दोरीनं. त्यानंतरचा बार हातात धरून, आणि तो करणारानंच काढायचा. अप्पांची रीत आहे.

विजयश्रीनं तिळगूळ पाठवलाय. गोड बोल, निदान संक्रांतीपुरतं.

राघोबा

आळंद तालुका
१९ जानेवारी २०२५

ती. स्व. मामांस शि. सा. न. वि. वि.

नाद दातात असा घुमला की कानशिलं झिणझिणली! सात आटे पुरे झाले, शिसवाचा दस्ता बसला. नळीला तोंड लावून बघितलं म्हणून शेजारच्या सुभद्राबाईंनी मला भूत लागलंय असं गावभर सांगितलं. बाभळीचे दोन बार सुखरूप.

आणि हातातले सहाच्या सहा वाया गेले, मामा. एक उजवीकडं, एक डावीकडं, एक कुठं गेला देवाला ठाऊक. साध्या बंदुकीसारखीच नीट भरली. दारू, वर गोळी, वर बोळा, गजानं ठासली. तरी गोळी वेड्यासारखी भरकटते. नळी सरळ आहे, आटे सारखे आहेत, मग चुकतंय काय? नऊ दिवस उरलेत. काल मी भट्टीपुढं बसून हुंदके देऊन रडले.

रुळाच्या गाठोड्यात एक पत्र्याची डबी होती. आत कापडाच्या गोल चकत्या, रुपयाएवढ्या, चरबीनं एकमेकींना चिकटलेल्या. नळी पुसायच्या असतील म्हणून बाजूला ठेवल्या. पण पुसायला कोण इतकं गोल कापतं? एक पाठवतेय. ओळखता का बघा.

आपली, सध्या हिरमुसलेली,
मंजुश्री

कोळार
२१ जानेवारी २०२५
(एसटी कंडक्टर संगमेशच्या हाती, लगेच द्यावे)

मंजू! अगं पोरी!

आशीर्वाद मागून. आधी हे वाच. ती चकती माझ्या आईच्या इरकली लुगड्याची आहे. काठ बघूनच ओळखला. आई, राजूबाई, उंबऱ्यात बसून कात्रीनं कापायची. अप्पा बार काढायला निघाले की हात पुढं करायचे, आई डबी द्यायची. मी लांब उभा असायचो. वाटायचं, पुसायला. आता डोळ्यापुढं लख्ख दिसायलंय. अप्पा चकती नळीच्या तोंडावर ठेवायचे, गोळी तिच्यावर, आणि दोन्ही मिळून आत ठासायचे! गोळीला कापड नेसव! उघडी गोळी आट्यांना धरतच न्हाई, कापड धरतं आणि तिला फिरवतं. आपण साध्या नळीची माणसं, रायफल साध्या बंदुकीसारखी भरत बसलो. तू बी आणि मी बी.

आणखी एक लिहितो, लाज वाटते तरी. त्या दिवशी आई डबी घेऊन आली होती. गावासमोर मी तिच्यावर खेकसलो, तू घरात जा, हे बायकांचं काम न्हाई. ती गेली. रांजण फुटल्यावर मी रायफलचं नाव कुणाला काढू दिलं न्हाई. आई दोनदा काही सांगायला आली, मी उठून गेलो. तिनंच डबी रुळासंगं बांधून ठेवली असणार.

पळ आता. कापड नेसव.

मामा

आळंद तालुका
२९ जानेवारी २०२५

ती. स्व. मामांस मंजुश्रीचा लोटांगण घालून नमस्कार.

फुटली! फुटली! फुटली!

तुमचं पत्र संगमेशअण्णांनी बस थांबवून दिलं, आणि मी चपला न घालता पळाले. पहिलीच चकती, पहिलाच बार, येळणीचे तुकडे. ह्यांनी मला उचललं, सुभद्राबाईंसमोर! मग माझ्या जुन्या सुती साडीच्या चकत्या कापल्या आणि सहा दिवस सराव केला.

काल साहेब आले. बाई बार काढणार म्हणल्यावर चष्मा पुसून परत घातला. त्या बाराला मी राजूआजींची चकती घेतली. मनात म्हणलं, आजी, या आता बाहेर. येळणी फुटली. साहेबांना योगायोग वाटला, दुसरी ठेवायला लावली. ती बी फुटली! मग ते कानडीत भले भले म्हणत स्वतः पावलं मोजत गेले आणि खापऱ्या गोळा करून आले. नाव लागतंय, मामा. कारखाना राहतोय!

बार झाल्यावर चकती दहा-पंधरा पावलांवर पडलेली सापडली. मधे काळी झालीय, कडेला आट्यांच्या सात खुणा, काठ शाबूत. तुमची आहे, म्हणून पाठवतेय.

नळीवर करणाराचं नाव कोरायची रीत. काय कोरू ते कळवा. प्लास्टर निघेस्तोवर राग-लोभ दोन्ही पत्रानंच पाठवा.

आपली,
मंजुश्री

कोळार
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मंजुश्रीस अनेक अनेक आशीर्वाद.

चकती मिळाली. दिवसभर मुठीत धरून बसलोय. जावयानं पत्ते मांडले तर खेळलो न्हाई. एकावन्न वर्षं मी माझ्या हाताला शिव्या दिल्या. हात बरा होता गं. आईला घरात धाडलं, तिथं चुकलो.

नळीवर आधी राजूबाई कोर, खाली मंजुश्री. माझं नाव नको. पुढल्या आठवड्यात प्लास्टर कापतात. त्याच दिवशी बस धरून येतो. मी उंबऱ्यात बसतो, कात्री तू दे. चकत्या गोल कशा कापायच्या, तेवढं मला शिकव.

राघोबा