तेल वरून येत होतं

बाबा,

मामा गेला. त्याचं तेरावं करून कालच गोंदियाहून परतले. जेवणं चालली असताना त्याच्या सुनेच्या माहेरचा एक म्हातारा सगळ्यांदेखत म्हणाला, "भिलाईले मोठ्या साहेबाच्या गाडीचं इंजिन यायनंच बिघडवलं होतं ना? म्हून तं काहाडलं होतं." माझ्या हातातला घास तसाच राहिला. मी म्हणाले, "त्यानं नाही बिघडवलं. माझ्या बापानं बिघडवलं आणि नाव याचं केलं." पंगतीतले सगळे माझ्याकडे वळून बघू लागले. मला त्याची लाज वाटली नाही. एवढी वर्षं तुमचं खोटं जिवंत राहिलं, मामाच्या मरणानंतरही त्याच्या ताटाशी येऊन बसलं, याचीच लाज वाटली.

तुम्हाला आठवत असेलच. भिलाईला पोलादाच्या कारखान्याचं बांधकाम जोरात होतं, अंगणात वाळत घातलेली लुगडी संध्याकाळपर्यंत धुळीनं लाल व्हायची. तुम्ही ठेकेदाराच्या गॅरेजात हेडमिस्त्री, आणि आईचा धाकटा भाऊ तुमच्या हाताखाली. आपल्याच क्वार्टरमध्ये राहायचा, आपल्याच ताटात जेवायचा. ठेकेदाराची ती जुनी काळी विलायती मोटार दुर्ग स्टेशनवरून रशियन साहेबांना आणायची, आणि जिथे उभी राहील तिथे तेलाचं थारोळं करायची. थेंब इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून पडायचे, म्हणून तुम्ही मामाला तिथलं तेल अडवणारी कडी, मागचं सील, बदलायला लावलं. त्यानं बदललं. तेल पडतच राहिलं.

त्या दिवशी मी तुमचा डबा घेऊन गॅरेजात आले होते. ठेकेदाराचा मॅनेजर कमरेवर हात ठेवून उभा, आणि तुम्ही मामावर ओरडताय, "ढोरं राखाची लायकी आहे तुही! सील बसवता येत नाही!" मामा हळूच म्हणतो, "भाऊजी, सील बरोबर बसलं आहे. तेल वरून येते. एकदा पाहून तं घ्या." आणि तुम्ही, "मले शिकवून राहिला का?" तुम्ही पाहिलं नाही. मॅनेजरनं त्याला तिथल्या तिथे काढलं, तुम्ही शब्दानं अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं आपली पेटी उचलली आणि दुर्गहून गोंदियाची गाडी धरली. आईनं बांधून दिलेल्या भाकरीसुद्धा नेल्या नाहीत.

पुढच्या रविवारी तुम्ही ती मोटार क्वार्टरसमोर आणली. तुम्हाला हाताखाली माणूस नव्हता, म्हणून मला हाक मारली. लग्नाच्या वयाची पोरगी मोटारीत डोकं घालून उभी आहे, हे शेजारणी बघत होत्या. तुम्ही घासलेटनं इंजिन पुसून कोरडं केलं आणि म्हणालात, "पावडरचा डबा आण." तो डबा मामानं मला दिवाळीला दुर्गच्या बाजारातून आणला होता. मी तो पुरवून पुरवून वापरत होते. तुम्ही अख्खा डबा इंजिनाच्या मागच्या अंगावर उधळलात. सगळं पांढरं झालं. मग इंजिन सुरू केलंत, आणि मी हातआरसा मागच्या फटीत धरून बसले, कारण माझा हात बारीक होता.

खाली सांध्यापाशी पावडर कोरडीच होती. वर, इंजिनाच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यात, ती ओली झाली. एक काळी रेघ निघाली, भिंतीवरून मुंगी उतरावी तशी खाली आली, सांध्याशी पोचली आणि तिथून टपकली. मी ओरडले, "बाबा, वरून! मामा म्हणे तसंच!" तुम्ही माझ्या हातातून आरसा घेतलात आणि बराच वेळ बघत राहिलात. मग झाकण उघडलंत. कोपऱ्यात, तेल अडवायला झाकणाखाली बसवतात ती बुचाची पट्टी दुमडून बसली होती. ते झाकण तुम्ही स्वतः लावलं होतं, त्या गाडीच्या झाकणाला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हता तुम्ही. तुम्ही नवी पट्टी कापून बसवलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "कुनाले सांगू नको."

मी अर्ध्या तासात आईला सांगितलं. चुलीपुढे बसलेली आई तशीच उठली. "माह्या भावाले परत बोलवा," ती म्हणाली. तुम्ही हात धूत होता. "गाडी सुधरली. विषय संपला." सोमवारी तुम्ही मॅनेजरला सांगितलंत, "सील मी पुन्हा बसवलं, पोरानं वाकडं बसवलं होतं." चूक कुणाच्याही हातून होते, बाबा. पण आरशात बघितल्यावरही तुम्ही ती दुसऱ्यांदा त्याच्याच माथी मारलीत. एकटी आई गोंदियाला गेली. मामा तिला म्हणाला, "भाऊजीनं सोता सांगू दे ताई, मंग येतो." तुम्ही सांगितलं नाहीत. माझ्या लग्नात मामाच्या हक्काचे विधी शेजारच्या काकांनी केले.

तो आला शेवटी, तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा. आईनं बोलावलं म्हणून. तुम्ही त्याचा हात धरलात, म्हणालात, "ते तेल..." आणि तो मूर्ख, चांगला माणूस पटकन म्हणाला, "राहू द्या ना भाऊजी. कावून आठवता आता?" तुम्ही डोळे मिटलेत, सुटल्यासारखे. मी औषधाचा चमचा घेऊन उभी होते. मला ओरडावंसं वाटलं, नाही मामा, बोलू दे त्यांना, वाक्य पुरं करू दे. दोन दिवसांनी तुम्ही गेलात, आणि ते वाक्य तसंच राहिलं.

मामानं तुम्हाला माफ केलं, मी केलेलं नाही. हे लिहून कुठे पाठवायचं, तेही माहीत नाही. एकच गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. गेले तेरा दिवस मी मामासाठी रडायला बसते आणि प्रत्येक वेळी डोळ्यांपुढे तुम्ही येता. याचाही मला रागच येतो.