सदरच्या चाव्या, कामठीच्या चाव्या

आई, तुझं जरीकामाचं दुकान म्हणजे आपलं स्वयंपाकघर. दुपारी ओटा पुसून झाला की तू खिडकीखाली कागद पसरायचीस, सुईनं नक्षी टोचून खाका करायचीस आणि त्यावरून निळीची पूड फिरवून ती नक्षी कापडावर उतरवायचीस. एका घराचा खाका दुसऱ्या घरासाठी वापरायचा नाही, हा तुझा नियम. बाबा गेल्यावर घर याच कामावर चालत होतं, तरी तो सुटला नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आपल्या शहरात सदर भागातल्या एका चर्चला तू वेदीवरचं कापड करून दिलं होतंस. त्यावर त्यांच्या बिशपांचं मानचिन्ह होतं, ढालीवर फुलीसारख्या दोन चाव्या. पुढे कामठीहून दुसऱ्या पंथाचे पाद्री मोठं काम घेऊन आले. त्यांनी चित्र उलगडलं आणि तुझा चेहरा उतरला. त्यांच्या ढालीवरही चाव्याच.

"हे नाही होनार, साहेब. ह्या चाव्या सदरवाल्याईच्या हायेत."

"बाई, त्या संत पीटरच्या, स्वर्गाच्या दाराच्या. कोणतंही चर्च घेऊ शकतं."

"मंग पीटरची चिठ्ठी आना."

ते हसले, मी नाही. मी नुकती वर्तमानपत्रात लागले होते आणि माझ्या पगारात घर भागत नव्हतं. "अगं, गणपतीचा परशू काय एकाच देवळाचा असतो?" मी म्हटलं. तू उसळलीस. "देवाचं येगळं. हे निशान हाये. एका राजाचा झेंडा दुसऱ्याच्या किल्ल्यावर लावशीन काय वं? सदरवाले म्हनतीन, बाईनं आमचं चोरून इकलं. मंग कोन काम देईन मले?"

दुसऱ्या दिवशी तू मला घेऊन सदरला गेलीस. तिथले फादर शांतपणे ऐकून घेतात आणि कपाटातून एक जाड पुस्तक काढतात. पानोपानी ढाली. कुठे कोकरू, कुठे कबुतर, आणि कितीतरी ढालींवर त्याच दोन चाव्या. देश वेगळे, पंथ वेगळे. "भांडनं नाही होत?" तू विचारतेस. "होतात, पण चाव्यांवरून नाही," ते म्हणतात.

तू काम घेतलंस. सदरचा खाका मात्र पेटीतून काढला नाहीस. कामठीच्या चाव्या नव्यानं काढल्यास, दात वेगळे, कड्या वेगळ्या. "ज्याचं त्याले आपलं वाटलं पाह्यजे," म्हणालीस.

तू गेल्यानंतर, परवा दोन्हीकडे जाऊन आले. कापडं आता काचेमागे ठेवली आहेत, जर काळवंडली आहे. कामठीच्या तरुण पाद्रींनी विचारलं, "सदरसारख्याच आहेत ना या?" मी काचेला नाक लावून बराच वेळ पाहिलं. "छे, अगदी वेगळ्या," ठामपणे सांगितलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते: मला फरक सापडला नाही.