टाचा बऱ्या झाल्याचं वर्तमान

झरी, पौष शुद्ध नवमी

राजश्री व्यंकटराव यांना झरीहून दत्तरावाचा रामराम. आपली, घरातल्या मंडळींची आणि नुकत्याच व्यालेल्या म्हशीची तब्येत ठीक असेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत (सगळे म्हणजे मी, दोन बैल आणि एक मांजर, कारण तुमची बहीण तुमच्याकडेच आहे). घर कसं शांत आहे. कुणी बोलत नाही, कुणी टोकत नाही. आपल्या हातानं भाकरी थापण्यातही मजा असते. फक्त ती भाकरी मांजरसुद्धा खात नाही.

सुगंधा रागानं वालूरला का आली, ते तिनं सांगितलंच असेल, तरी माझी बाजूही ऐकावी. थंडी पडली की माझं अंग राख फासल्यासारखं पांढरं होतं आणि टाचा उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या भेगाळतात. आपल्या कैलासवासी मातोश्रींच्या जुन्या लुगड्यांची वाकळ तिनं पावसाळाभर बसून शिवली. ती पांघरून मी पहिल्यांदाच ऐटीत पाय ताणले, तर टाच अडकून पायथ्याचं लुगडं टर्रकन फाटलं. ती रडली नाही. फाटलेलं बोटानं चाचपलं आणि म्हणाली, "टाच हाय का विळा? माझ्या मायचं लुगडं फाडलं तुमी. टाचा माणसावानी झाल्याबिगर मी काय यायची न्हाई." आणि वाकळ काखेत मारून निघाली. तिच्या त्या न रडण्याचीच मला जास्त धास्ती बसली.

मग मी उपचाराला लागलो. कडकडीत पाण्यात पाय घालून वजरीनं इतकं घासलं की बैलांनीही तोंड फिरवलं. टाचा आणखी फुटल्या. परभणीहून उग्र वासाचा लाल साबण आणला, त्यानं अंगातलं उरलंसुरलं तेल गेलं आणि खाजवून खाजवून मी रेघोट्या ओढलेल्या पाटीसारखा दिसू लागलो. तेव्हा शेजारचे लिंबाजी म्हणाले, "गाडीच्या आसाला वंगण लावल्यावर चाक कसं गुमान फिरायलाय बघा. तेच टाचंला लावा की." मला पटलं. (आमच्याकडं वंगण म्हणजे एरंडेल आणि जळक्या गवताच्या काडाची काजळी.) जुना पटका फाडून त्याच्या पट्ट्यांनी ते टाचांना बांधलं आणि शनिवारी पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलो.

देवापुढं फडकी गुंडाळून कसं जायचं, म्हणून जोड्यांबरोबर पट्ट्याही बाहेर सोडल्या. दर्शन घेऊन ओट्यावर टेकतो न टेकतो तोच आत गलका झाला. फरशीवर काळी पावलं उमटली होती, आणि टाचेशी भेगांच्या अशा रेघा की सिंहाच्या नखांचे ओरखडेच वाटावेत. चतुराबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांनी "देव फिरून गेला की माय" म्हणत पहिल्या पावलाला हळदकुंकू वाहिलं. मग बाया एकेक पाऊल पुजत पुढं सरकल्या. पावलं संपली तिथं मी बसलो होतो. घटकाभर सगळ्यांनी माझ्याकडं फार भक्तिभावानं पाहिलं (तुमच्या बहिणीनं आजवर कधी असं पाहिलेलं नाही). मग चतुराबाईंनी वाकून माझी टाच निरखली आणि म्हणाल्या, "देव कशाचा, हे तर गाडीवान हाय." सगळी फरशी मलाच राखेनं घासावी लागली, वरच्या कुंकवासकट.

घरी आल्यावर मात्र मी स्वतःच्या अकलेनं उपाय काढला. कोमट पाण्यात पाय घालायचे, न घासता टिपायचे आणि कातडी ओलसर आहे तोवरच करडीचं तेल जिरवायचं, म्हणजे ओल आत कोंडून राहते. रोज, न चुकता. आता टाचेवरून कापसाचा पेळू फिरवला तरी एक तंतू अडकत नाही. गावात हा 'दत्तरावाचा उपाय' म्हणून चालू झाला आहे. हे सगळं आपल्या माहितीसाठी लिहिलं. तुमच्या बहिणीनं यायची घाई करावी असं काही नाही. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला दाजी,
दत्तराव

ता. क. उपाय तुमच्या बहिणीचाच आहे. दर हिवाळ्यात ती तेलाची वाटी घेऊन मागं लागायची आणि मी पाय पोटाशी ओढून घ्यायचो. हे झरीत कुणाला कळू देऊ नका. तिला मात्र सांगा.

आणखी ता. क. पत्र आणणाऱ्या बन्सीधरकडं एक गाठोडं आहे. त्यात माझा लग्नातला पटका आहे, वाकळीला पायथ्याशी ठिगळ लावायला. मातोश्रींच्या लुगड्याची सर त्याला येणार नाही, हे मला कळतं. पण माझ्याजवळ त्याहून चांगलं कापड नाही. (जुना पटका पट्ट्यांत गेल्यामुळे मी सध्या बोडका हिंडतो. जो तो सुतक कुणाचं म्हणून विचारायलाय. गल्लीतल्या दगडाबाई तर दारात बसून रडून गेल्या.) घर शांत आहे असं वर लिहिलं. ती शांतता मला सोसत नाही. ठिगळ लावलं तर तिनं वाकळ घेऊन यावं. पसंत नसेल तर पटका बन्सीधरच्या हाती परत धाडू नये, तिनंच आणून द्यावा.